हिंगोलीतून रेस ट्रॅकवर जायचं तर गाडी कोणती?

वर्षातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न मला येतोच. कधी फोनवर, कधी लग्नाच्या पंगतीत. "दादा, ट्रॅकवर रेसिंग करायचीय, कोणती गाडी घेऊ?" विचारणारा साधारण एकवीस-बावीस वर्षांचा असतो. डिप्लोमा किंवा बीई झालेला, नाहीतर वडिलांच्या दुकानावर बसलेला. प्रश्न विचारतो खरा, पण उत्तर त्याच्याकडे आधीच तयार असतं. त्याला आरसी ३९० घ्यायची असते आणि माझ्याकडून फक्त "घे" एवढंच ऐकायचं असतं.

मी काही रेसर नाही. नोकरी आयटीतली, पगार महिन्याच्या शेवटी संपणारा. चेन्नईजवळच्या ट्रॅकवर तीनदा आणि कोइमतूरला एकदा गेलोय. माझा लॅप टाइम चारचौघांत सांगण्यासारखा नाही :) पण हिंगोली जिल्ह्यातल्या पोराला हा नाद लागला तर काय काय आडवं येतं हे मला माहिती आहे, कारण ते सगळं मला आडवं आलेलं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. पहिली गाडी दीडशे सीसीची घ्या, जुनी घ्या आणि कर्ज न काढता घ्या. ३९० चा विचार त्यानंतर दोन वर्षांनी.

आता कारणं.

पहिलं कारण गाडीशी संबंधितच नाही. ते नकाशाशी संबंधित आहे. देशात मोटरसायकल शर्यतींसाठी खऱ्या अर्थाने वापरात असलेले ट्रॅक बोटावर मोजण्याइतके. एक चेन्नईच्या पश्चिमेला इरुंगट्टुकोट्टईचा, ज्याला आपण सगळे मद्रास मोटर रेस ट्रॅक म्हणायचो आणि आता मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात. ३.७ किलोमीटर, बारा वळणं. दुसरा कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटर, छोटा आणि वळणावळणाचा. तिसरा ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, पाच किलोमीटरच्या वर, जिथे २०११ मध्ये फॉर्म्युला वन आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी झाली. आपल्या महाराष्ट्रात पुण्याजवळ मावळात नानोलीला एक छोटा ट्रॅक झालाय, कोल्हापूरला कार्टिंगचा चांगला ट्रॅक आहे. बस.

हिंगोलीहून नांदेड, हैदराबाद आणि मग खाली चेन्नई हे अंतर हजारेक किलोमीटर पडतं. ट्रॅकची गाडी (म्हणजे आरसे, हेडलाइट, इंडिकेटर काढलेली) रस्त्यावरून चालवत नेता येत नाही. पिकअप करा किंवा रेल्वे पार्सलने पाठवा. पार्सलला पेट्रोल टाकी रिकामी करून द्यावी लागते, आणि उतरवताना फेअरिंगला तडा गेला नाही तर नशीब समजायचं. दोन-तीन फेऱ्यांत गाडीच्या किमतीचा चांगला हिस्सा वाहतुकीतच जातो. म्हणजे हिंगोलीकर माणसासाठी "गाडी कोणती" याच्या आधीचा प्रश्न "वर्षातून किती वेळा जाणार" हा आहे. त्याचं खरं उत्तर दोनदा किंवा तीनदा असतं. वर्षाला सहा दिवस चालणाऱ्या गाडीसाठी साठ महिन्यांचे हप्ते?

म्हणूनच उरलेले तीनशे एकोणसाठ दिवस ती गाडी कुठे चालते हा खरा मुद्दा. ती अकोला-नांदेड महामार्गावर चालते. रस्ता रुंद झाल्यापासून कळमनुरीकडे किंवा कनेरगाव नाक्याकडे रात्री दहानंतर जाऊन बघा. तिकडे "ट्रॅक" रोजच भरतो. त्यात दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली असते, कारखान्याला निघालेला ऊस असतो, वसमतच्या बाजाराला निघालेली हळद असते, दुभाजकाच्या फटीतून अचानक निघणारा म्हातारा असतो. दिवाळीच्या आगेमागे आतल्या रस्त्यांवर अर्ध्या डांबरावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं. सोयाबीनच्या दाण्यांवर पुढचं चाक गेलं की जगातला कोणताही एबीएस कामाचा नाही. १४० च्या वेगाने गाडी सेकंदाला ३९ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे कळायला आणि बोटं ब्रेकवर जायला एक सेकंद तरी जातोच. तेवढ्यात ट्रॉली आलेली असते.

अशा बातम्या आपल्याकडे चार ओळींत येतात आणि जातात. "भरधाव दुचाकी", "जागीच ठार". गावातले लोक म्हणतात, पोरगं नादाला लागलं होतं. मला यातलं अर्धंच पटतं. वेगाचा नाद वाईट नाही, त्याला जागा मिळत नाही हे वाईट आहे. आपल्याच भागातला शंकरपट बघा. बैलांच्या शर्यतींवर सुप्रीम कोर्टाने मे २०१४ मध्ये बंदी घातली. मग कायदा झाला, नियम झाले, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली. आज पट भरतो तो ठरलेल्या जागेत, परवानगी घेऊन, घड्याळ लावून. कोणी आपली जोडी महामार्गावर पळवत नाही. बैलांना पट आहे, पोरांना नाही.

(कोणी म्हणेल की धावपट्टी द्या. कल्पना वाईट नाही. मद्रासची रेसिंग मुळात शोलावरमच्या जुन्या लष्करी धावपट्टीवरच वाढली, इरुंगट्टुकोट्टई नंतर आलं. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस झालेल्या आहेतच. लातूर किंवा यवतमाळची धावपट्टी वर्षातून दोन दिवस मिळाली तर मराठवाडा-विदर्भातली निम्मी पोरं तिकडे येतील. पण ते होईल तेव्हा होईल.)

आणि हो, सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर एक वर्षापर्यंत. नोकरीसाठी पोलीस व्हेरिफिकेशन लागतं तेव्हा हे आठवतं.

आता गाडीकडे येऊ.

दीडशे सीसीची म्हणजे माझ्या मते यामाहा आर१५. पहिली आर१५ भारतात २००८ मध्ये आली तेव्हा आम्ही शाळेत होतो आणि शहरातल्या शोरूमच्या काचेला नाक लावून बघायचो. लिक्विड कूल्ड, चार व्हॉल्व्ह, फ्युएल इंजेक्शन, डेल्टाबॉक्स फ्रेम, हे सगळं दीडशे सीसीत. त्यावेळी १७ पीएस म्हणजे मोठीच गोष्ट. २०१८ ला तिसरी आवृत्ती आली, १५५ सीसीची, स्लिपर क्लच असलेली. २०२१ ला चौथी, १८.४ पीएस, पुढे अपसाइड डाऊन फोर्क, वजन १४२ किलो. ट्रॅकवर शिकायला माझी पसंती जुन्या तिसऱ्या आवृत्तीला. चौथी जुनी मिळाली तरी तिची किंमत अजून उतरलेली नसते.

"दादा, अठरा पीएसमध्ये काय मजा?" हे ठरलेलं वाक्य. मजा हीच की चुकांना लपायला जागा नसते. मोठ्या इंजिनाची गाडी वळणात हळू नेली तरी बाहेर पडताना मूठ पिरगाळली की वेळ भरून निघतो. चालवणाऱ्याला वाटतं आपल्याला जमलं. आर१५ वर वळणात सोडलेला वेग पुढच्या अख्ख्या सरळ पट्ट्यावर परत मिळत नाही. त्यामुळे ब्रेक कुठे सोडायचा, नजर कुठे ठेवायची, कोणत्या रेषेतून जायचं हे झक मारत शिकावं लागतं. कारीसारख्या छोट्या ट्रॅकवर तर नीट चालवलेली दीडशेची गाडी नवख्याच्या चारशेला आत घुसून मागे टाकते. हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि मागे पडणाऱ्या गाडीवरच्या माणसाचं हेल्मेट माझ्या पगाराएवढं होतं.

दुसरं, साधं भौतिकशास्त्र. सरळ पट्ट्याच्या शेवटी ११० ऐवजी १४० चा वेग असला तर वेग साधारण सव्वापट झाला. पण ऊर्जा वेगाच्या वर्गावर जाते, म्हणजे ब्रेकला जिरवायची ऊर्जा १.६ पट. पडलात तर घसरत जायचं अंतरही त्याच हिशोबाने. पहिल्या वर्षी माणूस पडतोच. पडायचंच आहे तर कमी वेगात, हलक्या गाडीवर आणि ज्याची फेअरिंग स्वस्तात मिळते अशा गाडीवर पडावं. शिवाय टायर आणि ब्रेक पॅड. जड आणि ताकदवान गाडी ते खाते. दीडशेची गाडी एका टायरच्या जोडीवर कितीतरी जास्त दिवस काढते.

तिसरं, हिला शर्यतीत जागा आहे. मोटरसायकल रेसिंगच्या राष्ट्रीय अजिंक्यपदात १६५ सीसीपर्यंतचा प्रो-स्टॉक वर्ग आहे आणि नवख्यांसाठीही गट असतात. दुसरा वर्ग ३०१ ते ४०० सीसीचा. मधल्या सीसीची गाडी घेऊन अडकलेले लोक मला माहिती आहेत. पल्सर आरएस २०० चांगली गाडी आहे, पण घेऊन उतरणार कोणत्या वर्गात? गाडी आवडली म्हणून घेऊ नका, आधी त्या हंगामाचे नियम वाचा.

आता ३९० बद्दल. तिला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. चाकणला बनलेली ही गाडी सप्टेंबर २०१४ मध्ये भारतात आली तेव्हा किंमत होती दोन लाख पाच हजार. ३७३ सीसी, जवळजवळ ४४ पीएस. त्याच वर्षी जर्मनीत एडीएसीने आपल्या ज्युनिअर कपसाठी हीच गाडी घेतली. चाकणहून निघालेल्या गाडीवर युरोपातली पोरं रेसिंग शिकत होती, याचा मला अजूनही अभिमान वाटतो. चेसिस सरस, ब्रेक चांगले. पण ती भडक आहे. खाली ताकद कमी आणि वर एकदम येते, इंजिन तापतं, आणि हिंगोलीत तिच्या ईसीयूचं काही बिघडलं तर नांदेड नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. आर१५ चं बरंचसं काम आपल्या कोपऱ्यावरचा फिटर करून देतो. जुनी ३९० घेताना आणखी एक. ती आधी ज्याने चालवली तो तुमच्यासारखाच होता :)

टीव्हीएसची आरआर ३१० (डिसेंबर २०१७ पासून, ३१२ सीसी, सुरुवातीला ३४ पीएस, २०२४ ला ३८) मला ३९० पेक्षा शांत वाटते. २०२१ पासून कारखान्यातूनच ॲडजस्टेबल सस्पेन्शन लावून मिळायला लागलं ही मोठी सोय. दोन-तीन वर्षं झाल्यावर मी स्वतः ३९० पेक्षा हिच्याकडे बघेन. कावासाकी निन्जा ३०० चं ट्विन इंजिन गोड आहे, पण १७९ किलो वजन आणि पडल्यावरचा पार्टचा खर्च आपल्या खिशाचा नाही.

आणि गाडी घेतलीच पाहिजे असंही नाही! हे कोणी ऐकूनच घेत नाही. टीव्हीएस वन मेक चॅम्पियनशिपमध्ये निवड चाचणी घेतात, निवडलेल्यांना शर्यतीसाठी तयार केलेली गाडी कंपनीच देते. २०१६ पासून मुलींसाठीही वेगळा गट आहे. रॉयल एन्फिल्डचा कॉन्टिनेंटल जीटी कप २०२१ ला सुरू झाला तोही याच पद्धतीचा, सगळ्यांना सारखी ६५० ची गाडी. ट्रॅकवरच्या रेसिंग शाळांमध्ये गाडी, सूट, हेल्मेट सगळं भाड्याने मिळतं. दोन दिवसांचा कोर्स, फी भरा, रेल्वेने जा, रेल्वेने या. पहिला पैसा इथे घाला. दोन दिवसांनी कळेल की हा नाद आहे की नुसती हौस. माझ्यासोबतच्या तुकडीतले काही जण दुसऱ्या दिवशी दुपारीच म्हणाले, झालं बाबा, बघितलं. त्यांची लाखाची बचत झाली. शिवाय फेडरेशनचं स्पर्धा लायसन्स काढायला प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि डॉक्टरचा दाखला लागतो, तेही काम त्यात पुढे सरकतं.

वयाचं पण सांगून टाकतो. होंडाच्या टॅलेंट कपमध्ये एनएसएफ २५० वर तेरा-चौदा वर्षांची पोरं बसतात. बाविसाव्या वर्षी सुरुवात करून आपण मोटोजीपीला जाणार नाही. न जाऊ दे. क्रिकेट खेळणारे सगळे भारताकडून खेळतात का?

माझ्या मामाचा मुलगा सेनगावकडचा. गेल्या वर्षी त्याचा फोन आला, "दादा, ३९० घ्यायलोय. फायनान्स झालाय, बाबांची सही तेवढी राहिली." मामाची शेती चार एकर, सोयाबीन आणि थोडी हळद. मी त्याला एकच विचारलं, ट्रॅकवर गाडी पडली तर इन्शुरन्स किती देईल? तो म्हणाला, "फुल इन्शुरन्स आहे ना." मी म्हटलं पॉलिसीचा कागद काढ आणि वगळलेल्या गोष्टींची यादी वाच. त्यात शर्यत आणि वेगाची चाचणी लिहिलेलं असतं. म्हणजे ट्रॅकवर गाडीचा चुराडा झाला तर विमा शून्य आणि हप्ते मात्र चालू. जामीनदार मामा. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग काय करू, हायवेवरच पळवू का?"

हे त्याचं उत्तर मला सगळ्यात जास्त टोचलं, कारण त्यात तथ्य आहे. नाही म्हणणं सोपं असतं. घरचे नाही म्हणतात, मी नाही म्हणणार, आणि मग पोरगा मित्राची गाडी घेऊन रात्री बाहेर पडणार. मामींनी तर मलाच सुनावलं, "तूच त्याला नाद लावलास, आता तूच सोडव." सोडवायचा मला नाहीच. मामांशी मी बसून बोललो. कर्ज नको, सही करू नका, पण त्याला दोन दिवस चेन्नईला जाऊ द्या, अर्धी फी मी देतो. मामा म्हणाले, तिथं मेलं तर? मी म्हटलं, तिथे समोरून कोणी येत नाही, वळणाच्या बाहेर मोकळी जागा असते, अंगावर कातडी सूट असतो, ॲम्ब्युलन्स उभी असते. आपल्या महामार्गावर यातलं काय आहे? खात्री मी देऊ शकत नाही असंही सांगितलं. रेसिंगमध्ये माणसं दगावतात, हे खोटं बोलण्यात अर्थ नाही. मामांनी हो म्हणायला तीन आठवडे घेतले.

तो जाऊन आला. आल्यापासून रस्त्यावर ऐंशीच्या वर जात नाही असं मामी सांगतात. माझा काही शंभर टक्के विश्वास नाही, पण साठ टक्के आहे. आता जुनी आर१५ शोधतोय, पगारातून साठवलेल्या पैशात.

त्याच्यासाठी पैशाची जी वाटणी करून दिली तीच इथे देतो. जमलेल्या पैशाचे तीन भाग. एक भाग गाडी. एक भाग अंगावरचं, म्हणजे सिंगल पीस लेदर सूट, मनगटाच्या वरपर्यंत येणारे ग्लोव्हज, घोटा झाकणारे बूट, बॅक प्रोटेक्टर आणि खऱ्या सर्टिफिकेशनचं फुल फेस हेल्मेट. सूट जुना चालेल, हेल्मेट जुनं अजिबात नको. तिसरा भाग प्रवास, ट्रॅक फी, टायर आणि पडल्यानंतरचा खर्च. सगळा पैसा गाडीत घातला की पोरं जीन्स घालून ट्रॅकच्या गेटवर उभी राहतात आणि स्क्रूटिनीवाला परत पाठवतो.

जुनी गाडी बघताना सायलेन्सर आणि स्टिकर बघू नका. गाडी मधल्या स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर घ्या, हँडल डावी-उजवीकडे हळू फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडकलं तर बेअरिंग गेलंय किंवा गाडी समोरून आपटलीय. दोन्ही फोर्कवर बोट फिरवा, तेल लागतंय का बघा. हँडल स्टॉपरजवळ फ्रेमचा रंग तडकलाय का बघा, फ्रेम वाकलेली असेल तर फुकट दिली तरी घेऊ नका. थंड इंजिन स्वतः चालू करा, मालकाने आधीच तापवून ठेवलं असेल तर का ते विचारा. कूलंट बघा. ट्रॅकवर जाताना ते काढून साधं पाणी भरावं लागतं, कारण सांडलेलं कूलंट मागच्याला घसरवतं. आरसी बुकावरचा बोजा उतरलाय का हे पैसे देण्याआधी बघा. आणि क्लच-ब्रेकच्या लिव्हरचा एक जास्तीचा सेट त्याच दिवशी घेऊन ठेवा, पडल्यावर पहिले तेच मोडतात.